सायगॉनला रेल्वेनं उतरल्यावर पहिला दिवस कसा काढायचा

पहाटेचे साडेपाच. अंगात अजून हनोईचा स्वेटर, आणि डब्याच्या पायरीवरून खाली पाय ठेवला तर चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. आक्कांनी बॅग फलाटावर टेकवली, खांबाला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, जमीन हलतीया हितली."

जमीन हलत नव्हती. दोन रात्री आणि मधला एक दिवस मीटरगेजवर डुलत १७२६ किलोमीटर आल्यावर डोकं काही तास गाडीतच राहतं. हॉटेलच्या न्हाणीत डोळे मिटून अंगावर पाणी घेतलं तेव्हा मलाही भिंत धरावी लागली. अशा अवस्थेत माणूस एका परक्या, प्रचंड शहराकडे बघतो आणि लगेच ठरवतो, चांगलं की वाईट.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. एसटीत तिकीट खिडकीवर नोकरी करून निवृत्त झाल्या. मी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवते. मार्चमध्ये आम्ही दोघीच व्हिएतनामला जाऊन आलो. तेव्हापासून दुकानात पासपोर्टची झेरॉक्स काढायला आलेलं गिऱ्हाईक दोन गोष्टी विचारतं: विमान असताना रेल्वेनं कशाला, आणि शहर कसं आहे? प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलंय. आमचं काय चुकलं तेही यात आहे, कारण उपयोगाचं तेच आहे.

कोल्हापुरातून निघायच्या आधी

व्हिसा घरबसल्या मिळतो. सरकारी ई-व्हिसा, एका खेपेचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंतचा. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या साइट बऱ्याच आहेत आणि त्या जास्त पैसे घेतात, तेवढं बघा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर भरा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तिथं असेल तर इथंही हवं.

दुसरं काम फोनचं, आणि इथंच आम्ही आपटलो. तिकडे रिक्षा-टॅक्सीसाठी ग्रॅब नावाचं ॲप सगळे वापरतात. ते कोल्हापुरात बसूनच फोनमध्ये घ्या, आणि नुसतं घेऊ नका, नंबर टाकून ओटीपी येईपर्यंत सगळं पुरं करा. मी म्हटलं, तिकडं गेल्यावर बघू. तिकडं गेल्यावर आपल्या सिमला रोमिंग नव्हतं, ओटीपी कुठून येणार? त्याची किंमत पुढे सांगते.

तिसरं, तारीख. चांद्र नववर्ष, म्हणजे त्यांचा तेत, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतो. आपल्याकडे दिवाळीत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची जी गत, ती तिथं तेतच्या आधी नि नंतर सगळ्या गाड्यांची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधल्या किनारपट्टीला जोराचा पाऊस आणि पूर असतो, रूळ पाण्याखाली जातात. पंचगंगेचा पूर बघितलेल्यांना जास्त सांगायला नको. मार्च बरा. फक्त हनोईत भुरभुर आणि गारवा, सायगॉनमध्ये रणरणतं ऊन. एकाच गाडीच्या दोन टोकांना दोन ऋतू. स्वेटर बॅगेत तळाला ठेवू नका, कारण शेवटच्या पहाटे तो काढून तिथंच कोंबायचा आहे.

गाडीत

परदेशी लोक हिला रीयुनिफिकेशन एक्स्प्रेस म्हणतात. त्या नावाची एकच अशी गाडी नाही, रोजच्या चार-पाच गाड्या आहेत आणि त्यांना एसई-१, एसई-३ असे नंबर आहेत. फ्रेंचांनी ही लाईन १९३६ मध्ये पुरी केली, देशाचे दोन तुकडे झाल्यावर ती तुटली आणि १९७६ मध्ये परत जोडली गेली. स्टेशनला 'गा' म्हणतात, फ्रेंचांच्या 'गार'वरून. आक्कांना हे फार आवडलं. दर स्टेशनला पाटी वाचून "कुठलं गा आलं गं?" चालू होतं.

तिकीट काढताना चार बर्थची खोली आणि सहा बर्थची खोली असे दोन प्रकार दिसतील. सहामध्ये सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त असतो, पण तिथं ताठ बसता येत नाही. पन्नाशी ओलांडली असेल तर चारच्या खोलीत खालचा बर्थ घ्या आणि ते पैसे दुसरीकडे वाचवा. खालचा बर्थ महाग, आणि दिवसा त्यावर वरचे लोकही येऊन बसतात, हे धरून चाला. आक्कांनी पहिल्या तासाभरात खोलीतल्या दोघांची तिकिटं मागून तपासली. सवय जात नाही. ती पोरंही इतकी शहाणी की मुकाट्यानं दाखवली.

दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. संध्याकाळी हनोईहून सुटणारी गाडी धरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ह्युए येतं, आणि ह्युए ते दा नांग या पट्ट्यात गाडी हाय वान घाटाच्या कडेनं, समुद्राच्या अगदी वरून जाते. या तीन तासांत झोपू नका. बाकी वेळ खुशाल झोपा.

डब्याच्या टोकाला उकळतं पाणी फुकट मिळतं. आम्ही इथून कपभर पोहे आणि भडंगाच्या पुड्या नेल्या होत्या. पोह्यांवर गरम पाणी ओतून झाकण ठेवलं की काम झालं. भडंग समोरच्या पोरांना दिला, त्यांनी उकडलेला मका दिला.

आता एक शब्द पाठ करा: 'चाय'. तिकडं 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहाला उत्तरेत 'चा' म्हणतात, दक्षिणेत 'ट्रा'. गाडीतली वाढपी बाई ढकलगाडी घेऊन आली तेव्हा आक्कांना चहाची तल्लफ होती. "चाय, चाय," म्हणून दोन बोटं दाखवली. ती हसली, गेली आणि दहा मिनिटांनी भात, उकडलेला कोबी आणि टोफूच्या दोन थाळ्या घेऊन आली. शुक्रवार होता, आमचा अंबाबाईचा वार, त्यामुळे थाळी चालून गेली. चहा मात्र मिळाला नाही तो नाहीच.

उतरल्यावरचा पहिला तास

सायगॉनचं नाव १९७६ मध्ये हो चि मिन्ह सिटी झालं, पण स्टेशनचं नाव अजून सायगॉनच आहे आणि लोकांच्या तोंडीही तेच. स्टेशन तसं मध्यवस्तीत आहे. बेन थान्ह बाजार तीनेक किलोमीटर. हे अंतर डोक्यात पक्कं ठेवा, कारण बाहेर पडताच तुमची बॅग धरायला माणसं धावतील.

आमची एकानं धरली. मीटर नाही, ॲप नाही, तोंडी तीन लाख डाँग. इतकी शून्यं बघून माझं गणित बंद पडलं आणि मी दिले. नंतर हिशेब केला: तीस हजार डाँग म्हणजे साधारण शंभर रुपये. म्हणजे तीन किलोमीटरला हजार रुपये! कोल्हापुरात रंकाळ्यापासून रेल्वे स्टेशनपर्यंत कुणी हजार मागितले असते तर आक्कांनी त्याला उभा सोलला असता. तिथं त्या गप्प होत्या. झोप नाही, भाषा नाही, पोटात काही नाही. लांबून आलेला माणूस भांडत नाही, हे टॅक्सीवाल्यांना जगभर ठाऊक आहे.

म्हणून उतरल्यावर बाहेर जाऊ नका. स्टेशनातच बसा. तोंड धुवा, स्वेटर काढा, पाणी प्या, ग्रॅबवर भाडं किती दाखवतंय ते बघा. रोख पैसे देऊनही ग्रॅब चालतं. उजाडेपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही, कारण हॉटेलची खोली दुपारी दोनच्या आधी मिळणार नसते. रेल्वेनं पहाटे पोचणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोळ हाच. दोन उपाय आहेत. पैसे असतील तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या. नसतील तर हॉटेलला आधी कळवा की बॅगा ठेवू आणि न्हाणी वापरू. लहान हॉटेलवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

पत्ता शोधायची एक खूण सांगते. ८४/१२ असा पत्ता असेल तर ८४ नंबरच्या बोळात शिरायचं आणि आत १२ नंबर शोधायचा. बोळाला 'हेम' म्हणतात. दोन तिरक्या रेघा असल्या तर बोळातला बोळ. शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला हे समजायला अर्धं मिनिट पुरतं. मोठ्या रस्त्यावर नुसत्या काचेच्या इमारती, आणि हेममध्ये वळलं की दारात चपला, कुंड्या, तुळशीच्या जागी लाल रंगाचा छोटा देव्हारा, आणि म्हातारी भाजी निवडत बसलेली. जुलै २०२५ पासून शहराचे डिस्ट्रिक्ट कागदावरून गेले, पण विचारलं तर लोक अजून डिस्ट्रिक्ट एक, तीन असंच सांगतात.

ग्रुपवर काही टाकू नका

आक्कांनी सकाळी सात वाजता घरच्या ग्रुपवर लिहिलं: "पोचलो. लई गरम. लई गर्दी. टॅक्सीवाल्यानं गंडवलं. वायरी लोंबत्यात." तिथले सात म्हणजे आपले साडेपाच. आपल्याकडे सगळे उठेपर्यंत दोन भाचे आणि एका चुलत जावेचा फोन येऊन गेला होता. एकानं परतीच्या विमानाचे दर पाठवले. मग दिवसभर आम्ही शहर बघायचं सोडून घरच्यांची समजूत काढत बसलो.

पहिल्या चोवीस तासांत फक्त "सुखरूप" एवढंच लिहा. जे वाटतंय ते वहीत लिहा, कारण ते खोटं नसतं. वायरी खरंच लोंबतात, लक्ष्मीपुरीत लोंबतात त्यापेक्षा दाट. फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, आणि चौक तुंबला की त्याच फुटपाथवरून मोटरसायकली येतात. माशाच्या सॉसचा, 'नुक माम'चा वास नाकात बसतो. हे सगळं तिसऱ्या दिवशीही तसंच होतं.

पहिल्या दिवशी काय करायचं, काय नाही

अंघोळ, तासभर झोप, मग काहीतरी हलकं. बसून बघता येईल असंच निवडा. युद्धाच्या आठवणींचं संग्रहालय पहिल्या दिवशी नको. तिथले फोटो बघायला झोप झालेलं डोकं लागतं. कु चीचे युद्धातले भुयारी मार्गही नकोत.

आमच्या आक्कांना मी मेट्रोत बसवलं. ही पहिली लाईन २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. बेन थान्हपासून सुओई तिएनपर्यंत १९.७ किलोमीटर, १४ स्टेशनं. त्यातली पहिली तीन जमिनीखाली, मग गाडी वर येते आणि नदीकाठचे उंच मनोरे, त्यांच्या पायाशी पत्र्याची घरं, गोदामं, सगळं खिडकीतून सरकत जातं. गार हवा, बसायला जागा, टोकापर्यंत जाऊन परत. पायाला काही तोशीस नाही आणि शहर केवढं आहे ते कळतं. "पुन्हा रेल्वेच का?" असं आक्का कुरकुरल्या खऱ्या, पण चढल्यावर खिडकी सोडली नाही.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मोठ्या पोस्टात गेलो. १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेलं, पिवळं, आत कमानीचं उंच छत. पुष्कळ जण सांगतात हे आयफेलनं बांधलं, पण ते खरं नाही. आत दोन्ही बाजूंना भिंतीवर रंगवलेले नकाशे आहेत. एक १८९२ च्या सायगॉन आणि आसपासचा, दुसरा दक्षिण व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या तारांच्या लाईनींचा. आक्का त्या दुसऱ्या नकाशासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. बोटानं एकेक लाईन हवेत गिरवत होत्या, एसटीच्या मार्गफलकासमोर उभं राहून नवख्या कंडक्टरला समजवावं तशा. हे पोस्ट अजून चालू आहे. तिथंच पोस्टकार्ड घेऊन, तिकीट लावून, कोल्हापूरच्या पत्त्यावर टाकता येतं. आक्कांनी कार्ड घेऊन ठेवलं आणि नंतर घरच्या पत्त्यावर टाकलं. मजकूर मला दाखवला नाही.

रस्ता ओलांडणं

यावर सविस्तर लिहायलाच हवं. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात. म्हणजे रस्त्यात पाय टाकताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीनं उजवीकडे जाते, आणि घात तिथंच होतो.

दुसरं, मोटरसायकलींचा लोंढा थांबत नाही. पहिल्या दिवशी आम्ही एका कडेला बारा मिनिटं उभ्या होतो. कोल्हापूरची माणसं आम्ही, गाड्यांना काय भिणार? पण आपल्याकडे फट दिसली की पळायचं असतं, आणि तिथं फटच येत नाही. शेवटी भाजीची पिशवी घेतलेली एक आजी आली, आमच्याकडे न बघता सरळ रस्त्यात उतरली आणि चालू लागली. देवळात चालतात तसं. पंचगंगेला पाणी चढलं की घाटावरच्या दगडी देवळांना वळसा घालून जसं वाहतं, तशा गाड्या तिच्या दोन्ही अंगांनी गेल्या. एकीनंही करकचून ब्रेक मारला नाही.

तर रीत अशी: एका चालीनं, हळू चाला. पळू नका, मध्येच थांबू नका आणि काही झालं तरी मागे फिरू नका. गाडीवाला तुमच्या चालीवरून आपली वाट ठरवत असतो. चाल बदलली की त्याचा हिशेब चुकतो. हात थोडा खाली धरून दाखवलात तर उत्तम. हे फक्त मोटरसायकलींना लागू आहे. बस आणि मोटारी वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्या. आणि पहिल्या दिवशी जमत नसेल तर सरळ एखादी आजी शोधा आणि तिच्या आडोशानं चाला. आम्ही दोन दिवस आज्यांच्या जिवावर काढले.

नोटा आणि उसाचा रस

वीस हजाराची नोट निळी आहे आणि पाच लाखाची नोटही निळीच आहे. एक साधारण पासष्ट रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वर. पाच लाखाच्या नोटा पहिल्याच दिवशी वेगळ्या कप्प्यात ठेवा. आमच्या ठेवलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमच्या तोंडाशी उसाच्या रसाची गाडी दिसली. 'नुक मिया'. ऊस बघितल्यावर कागलकडच्या माहेरवाशिणीला थांबवणार कोण? रसाबरोबर ती बाई लिंबाएवढी छोटी संत्री पण चरकात घालते, आपल्याकडे आलं-लिंबू घालतात तसं. चरकाला घुंगरू नाही, मोटर आहे, तेवढं सुनं वाटतं. रस बर्फाच्या ग्लासात, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत रबर बांधून, वर नळी खोचून. आक्कांनी एक घोट घेऊन निकाल दिला, "गोडी कमी हाय, पण वास झकास."

मी निळी नोट दिली आणि सुट्टे न घेताच निघाले. दहा पावलं गेलो असू, मागून हाका. बाई गाडी सोडून धावत आली होती. हातात माझी नोट. पाच लाखाची. ती माझ्या हातात ठेवून तिनं माझ्या पाकिटात स्वतः बोट घालून वीस हजाराची काढली, मला दाखवली, पाच हजार परत दिले आणि काहीतरी रागावून बोलली. शब्द कळले नाहीत, पण आई बोलते तेव्हा कळावे लागत नाहीत.

आक्कांनी वही काढली. "टॅक्सीवाल्यानं गंडवलं" या ओळीखाली "रसवाली परत आली" असं लिहिलं. वरची ओळ खोडली नाही. मी म्हटलं, खोडा की. म्हणाल्या, "का? त्यानं पैसे दिलेत व्हय परत?"

खाणं, थोडक्यात

शाकाहारी जेवण 'चाय' पाटीच्या दुकानात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या हिशेबानं अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला, पुष्कळ स्थानिक माणसं मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी चाय सगळीकडे. मटणाच्या तिखट रश्श्याची सवय असलेल्यांना तिथला 'फ', म्हणजे नूडल्स घातलेला पातळ रस्सा, आजाऱ्याची पेज वाटेल. टेबलावरच्या मिरच्या, लिंबू आणि पाला घातल्याशिवाय मत देऊ नका. कॉफी कंडेन्स्ड दूध आणि बर्फ घालून देतात, आणि ती भलतीच कडक असते. रिकाम्या पोटी घेऊ नका. आक्कांनी घेतली आणि रात्री दोनपर्यंत छताचा पंखा मोजत बसल्या.

तिसऱ्या दिवशी बेन थान्हजवळच्या मरिअम्मनच्या देवळात गेलो. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. मरिअम्मन म्हणजे आपली मरीआई. तिथं हिंदू आम्ही दोघीच होतो. बाकी सगळ्या व्हिएतनामी बाया, हातात उदबत्त्यांचे जुडगे. देवीचं दर्शन झाल्यावर एकेक जण मागच्या दगडी भिंतीशी जाऊन कपाळ टेकवत होती, आणि बराच वेळ तशीच उभी राहत होती. आक्कांनीही टेकवलं. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाल्या, "आता हलत नाय जमीन."

फुटपाथचा राग मात्र त्यांचा अजून गेलेला नाही. परतीला आम्ही विमान धरलं. कोणी विचारलं तर तेच सांगते: जाताना रेल्वे, येताना विमान. पोस्टकार्ड आम्ही परत आल्यावर एकोणीस दिवसांनी आलं. माझ्याच नावावर होतं. "रसाच्या गाडीवर पाच हजार सुट्टे तू घेतलेस, अर्धे माझे," एवढंच लिहिलं होतं.